डाव्या पायाचा इतिहास

(पॉडकास्टच्या या भागाचा मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोललो तसं.)

बसमध्ये असाल, मेसच्या लाइनीत असाल, नाहीतर माझ्यासारखे वर्क फ्रॉम होमच्या नावाखाली गच्चीवर असाल, तर हेडफोन नीट लावा. आजचा विषय इतिहासाचा आहे, पण किल्ले नाहीत, तह नाहीत. आज आपण गाडीतल्या एका पेडलचा इतिहास बघणार आहोत. सगळ्यात डावीकडचं पेडल. क्लच.

आता हा कोडिंग करणारा माणूस क्लचवर का घसरला, ते आधी सांगतो. मी बीड जिल्ह्यातला. बीटेक केलं, पुण्यात नोकरी लागली, आणि दोन वर्षांपूर्वी एक सेकंड हँड डिझेल एसयूव्ही घेतली. मॅन्युअल गिअरची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हती, माझी होती. घेतली तशी वापरली असती तर हा भाग झालाच नसता. पण मी तिचा ईसीयू रिमॅप करून घेतला. म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदललं आणि ताकद वाढवली. सॉफ्टवेअर हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, हे तर आपलंच काम! (हे करण्याआधी एक वाचा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. मी हे नंतर वाचलं. उलट्या क्रमाने.)

पहिल्याच महिन्यात मांजरसुंब्याचा घाट चढताना आरपीएम वर गेले आणि गाडी तिथल्या तिथे. क्लच प्लेट घसरत होती, केबिनमध्ये जळका वास. इंजिन वाढवलं, पण इंजिनची ताकद चाकांपर्यंत पोचवणारी मधली मूठ तीच जुनी. मग जास्त ताकदीची प्रेशर प्लेट टाकली, मूळ प्लेटपेक्षा साधारण ४० टक्के जास्त जोराने आवळणारी. घसरणं थांबलं. पण आता गिअर टाकताना कचकच. मी इंटरनेटवर वाचलं की हायड्रॉलिक कमी पडतंय, मोठा मास्टर सिलेंडर टाका. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याला ‘अप्पर’ म्हणतात आणि खालच्या स्लेव्हला ‘लोअर’. मोठा अप्पर टाकला. गिअर लोण्यासारखे पडायला लागले. मी खूश.

दिवाळीला गावी गेलो. अण्णांना म्हटलं, चालवून बघा. अण्णा बसले, क्लच दाबला, अर्ध्यात थांबले, परत दाबला. मग इंजिन बंद करून खाली उतरले आणि म्हणाले, “ही गाडी माझ्यासाठी न्हाई रं.”

अण्णांनी आयुष्यातली बावीस वर्षं ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवला. दसरा झाला की टोळी भरायची, मुकादमाने दिलेल्या उचलीत घरचं भागवायचं, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावर पाच-सहा महिने. मागे दोन ट्रॉल्या, त्यात ऊस. शेतातून रस्त्यावर काढताना क्लच, चढाला क्लच, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कारखान्याच्या यार्डातली रांग. गव्हाणीवर नंबर लागेपर्यंत रात्रभर दहा-दहा फूट पुढे सरकायचं. दाब, सोड, दाब, सोड. आज त्यांचा डावा गुडघा जिना उतरताना धरतो. डॉक्टर म्हणतात वय झालं. अण्णा म्हणतात क्लच. मी मधे बोलत नाही, पण उजवा गुडघा ठणठणीत आहे एवढं मात्र मी बघितलंय.

तर या माणसाला दाबता येत नाही असं पेडल मी स्वतःच्या पैशाने बनवून घेतलं होतं. ते कसं झालं हे शोधायला बसलो आणि थेट १८८६ ला पोचलो.

जानेवारी १८८६ मध्ये कार्ल बेंझने जर्मनीत आपल्या तीनचाकी मोटारगाडीचं पेटंट घेतलं. इंजिनची ताकद एक हॉर्सपॉवरसुद्धा पूर्ण नाही. तिच्यात आजच्यासारखा क्लच नव्हता. एक पट्टा होता. तो मोकळ्या फिरणाऱ्या पुलीवर असला की गाडी उभी, आणि दांडी सरकवून घट्ट बसवलेल्या पुलीवर नेला की गाडी चालू. आपल्याकडची जुनी पिठाची गिरणी आठवा, तसाच प्रकार. १८८८ मध्ये त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, हीच गाडी मॅनहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली. शंभर किलोमीटरच्या वर अंतर. वाटेत ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तर तिने चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. दोन गोष्टी एकमेकींना घासून वेग जुळवायचा असेल तर मधे काय ठेवायचं, या प्रश्नाचं पहिलं उत्तर चामडं होतं.

पुढची वीस-पंचवीस वर्षं क्लचमध्येही तेच. ‘कोन क्लच’ म्हणजे एक शंकू, त्यावर चामड्याचं आवरण, आणि तो इंजिनच्या फ्लायव्हीलमधल्या खळग्यात स्प्रिंगने जाऊन बसायचा. चामडं वाळून कडक झालं की गाडी झटका देऊन सुटायची, मग त्याला तेल पाजायचं, एरंडेलसुद्धा. तेल जास्त झालं की घसरायचं, मग वरून मुलतानी माती टाकायची. खरंच. आज आपण तोंडाला लावतो ती. त्या काळच्या ड्रायव्हरच्या सामानात तिची पुडी असायची. हे वाचल्यावर मला आमच्या बीडच्या गॅरेजवाल्या चाचांची आठवण झाली, ज्यांच्याकडे प्रत्येक रोगावर घरगुती औषध असतं.

चामड्याची जागा घेणारा माणूस म्हणजे हर्बर्ट फ्रूड. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात त्याने बघितलं की घोडागाडीवाले उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट बांधतात. त्यावरून त्याने १८९७ मध्ये ब्रेकसाठी वेगळं घर्षण-साहित्य बनवायला सुरुवात केली. स्वतःच्या नावाची अक्षरं फिरवून त्यात एक ‘ई’ घातला आणि ब्रँड झाला फेरोडो. पुढे या धंद्यात ॲस्बेस्टॉस आलं. उष्णता सोसायचं मस्त, पण त्याची धूळ फुप्फुसात जाऊन माणसं मारायची, म्हणून नंतर ते हटवावं लागलं. मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो नावाचा कारखाना होता. तीच कंपनी पुढे हिंदुस्थान कंपोझिट्स झाली आणि तिचा एक कारखाना आपल्या पैठणला आहे. म्हणजे डर्बीशायरच्या बुटांची गोष्ट फिरत फिरत गोदावरीच्या काठाला आली.

आता इथे थोडं गणित. घाबरू नका, बारावीचंच आहे. क्लच किती ताकद पेलणार हे चार गोष्टींवर ठरतं: प्लेट किती मोठी, तिचं साहित्य किती धरतं, घासणारे पृष्ठभाग किती, आणि स्प्रिंग किती जोराने आवळते. इंजिन मोठं झालं की यातलं काहीतरी वाढवावं लागतं. सगळ्यात सोपं काय? स्प्रिंग कडक करा. पण ती स्प्रिंग सोडवतो कोण? ड्रायव्हरचा डावा पाय. इंजिनिअरने कागदावर वाढवलेला प्रत्येक हॉर्सपॉवर शेवटी कोणाच्या तरी मांडीवर येऊन पडायचा.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्या शेजारीच आहे. आष्टी, कडा ओलांडलं की अहिल्यानगर. तोंडात अजून नगरच येतं. तिथे लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये सुरू केलेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. दिवाळीच्या त्या प्रसंगानंतर दोन दिवसांनी मी अण्णांना तिथे घेऊन गेलो. (माझ्या गाडीतून, मी चालवत. वातावरण जरा शांत होतं.)

तिथे सेंच्युरियन उभा आहे. ब्रिटिश बनावटीचा, पन्नास टनांच्या आसपास वजन. इंजिन रोल्स-रॉइसचं मीटिऑर, २७ लिटर, व्ही-१२, ६५० हॉर्सपॉवर. हे इंजिन म्हणजे विमानाच्या मर्लिन इंजिनाचं जमिनीवरचं भावंड. आणि गिअरबॉक्स? मॅन्युअल. पाच गिअर पुढे, दोन मागे, आणि क्लच पायाने दाबायचा. मी रिमॅप करून मिरवत होतो, आणि इथे १९४० च्या दशकातलं डिझाइन ६५० हॉर्सपॉवर डाव्या पायावर चालवत होतं!

पण सेंच्युरियनच्या डिझायनरने फक्त स्प्रिंग कडक केली नव्हती. त्याचा क्लच तीन प्लेटचा. एका प्लेटला दोन घासणाऱ्या बाजू, तीन प्लेटला सहा. तीच स्प्रिंग, तोच आवळण्याचा जोर, पण पकड तिप्पट. पाय तिप्पट दाबायला नको. अर्थात फुकट काही नसतं. क्लच सोडवताना प्रत्येक बाजूला थोडी फट पडावी लागते, म्हणून पेडलचा प्रवास वाढतो. आणि तरीही ते पेडल हलकं नव्हतंच, वर दर गिअरला दोनदा दाबायचं: एकदा न्यूट्रलला, एकदा गिअरला.

१९६५ च्या युद्धात या सेंच्युरियनसमोर आला अमेरिकन पॅटन. त्याच्या सीडी-८५० ट्रान्समिशनमध्ये टॉर्क कन्व्हर्टर होता, म्हणजे ऑइलच ताकद पोचवणार. ड्रायव्हरसमोर चाक आणि दोन-तीन गिअर. क्लचचं पेडलच नाही. म्हणजे कागदावर पॅटनचा ड्रायव्हर आरामात. फिल्लोरा आणि चविंडाच्या लढायांत पूना हॉर्सचे सेंच्युरियन होते आणि त्यांचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. हे नाव तुम्ही पाठ केलं असेल, पण मराठवाड्याच्या पोरांना एक गोष्ट सहसा माहीत नसते: तारापोर आधी हैदराबाद संस्थानाच्या फौजेत होते. आपलं बीडही तेव्हा त्याच संस्थानात. १६ सप्टेंबर १९६५ ला ते शहीद झाले, आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं. पुढे १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत याच रेजिमेंटचे, पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल सेंच्युरियनमध्येच लढत गेले. त्यांचा ‘फामागुस्ता’ नावाचा रणगाडा नगरच्या याच सेंटरमध्ये जपून ठेवलाय.

क्लचमुळे युद्ध जिंकलं असं काही मी म्हणणार नाही. जमीन, तोफ, प्रशिक्षण, नेतृत्व, बरीच कारणं. असल उत्तरला तर शेतात सोडलेल्या पाण्याने पॅटन चिखलात अडकले. मला फक्त एवढं सांगायचंय की या सगळ्या कहाण्यांमध्ये तोफ चालवणारा असतो, हुकूम देणारा असतो, आणि खाली पुढच्या बाजूला एक माणूस असतो जो धूर, उष्णता आणि आवाजात गिअर बदलत असतो. अण्णा सेंच्युरियनसमोर बराच वेळ उभे होते. म्हणाले, “यार्डातल्या रांगंत हा लावला तर?” मी हसलो. ते नाही हसले.

नंतर आपल्याकडे टी-७२ आला, ७८० हॉर्सपॉवरचा. त्यातही गिअर ड्रायव्हरच बदलतो, पण आतल्या प्लेटी आवळायचं आणि सोडायचं काम ऑइलचं प्रेशर करतं. पाय फक्त आज्ञा देतो.

हे ऑइलचं तत्त्व काही नवं नाही. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पसरतो, हे पास्कलने सांगितलं. त्याचा तो ग्रंथ १६६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. १७९५ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने त्यावर हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. मोटारगाड्यांत ऑइल आधी ब्रेकला आलं. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए मध्ये चारी चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते. क्लचकडे मात्र कुणाचं लक्ष जायला दुसरं महायुद्ध उलटावं लागलं. मोठ्या प्रमाणावर ते १९५० च्या दशकात सुरू झालं. तेही पायाच्या काळजीपोटी कमी आणि सोयीसाठी जास्त: इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, लोखंडी दांडीतून तो थरथराट पायात येतो, नळी मात्र कुठूनही वळवून नेता येते.

आणि ट्रॅक्टर? इथे मला खरंच राग येतो. हॅरी फर्ग्युसनने १९३६ च्या ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक लिफ्ट दिली. एक छोटी दांडी हलवली की नांगर वर. नांगरासाठी हायड्रॉलिक आलं. आपल्याकडे १९६० च्या दशकात ट्रॅक्टर बनायला लागले, मुंबईच्या कांदिवलीत, मद्रासमध्ये, फरिदाबादला, त्यांनाही मागे लिफ्ट होती. पण क्लचला बहुतेक ठिकाणी पेडलपासून लोखंडी दांडीच. अण्णांच्या ट्रॅक्टरला पण दांडीच. नांगर उचलायला ऑइल, आणि माणसाला मात्र स्वतःचा गुडघा. त्यात तो ट्रॅक्टर शेतीसाठी बनवलेला. दोन ट्रॉल्या ऊस ओढत रात्रभर रांगेत सरकणं हे काम डिझाइन करणाऱ्याच्या डोक्यातही नसेल.

छोट्या गाड्यांना हा प्रश्न आला नाही, कारण ताकदच कमी. १९८३ ची मारुती ८०० घ्या. सायकलच्या ब्रेकसारखी केबल, आणि पेडल हलकं. त्याच काळात डायाफ्राम स्प्रिंगही सगळीकडे आली होती. जुन्या गोल स्प्रिंगा दाबत जाल तशा कडक होतात. डायाफ्राम, म्हणजे ताटलीसारखी स्प्रिंग, एका टप्प्यानंतर उलट हलकी पडते. आज तुम्ही सिग्नलला क्लच दाबून रील बघता (बघू नका) ते या ताटलीच्या कृपेने.

आता परत माझ्या गाडीकडे. माझी चूक नेमकी कुठे झाली ते मला चाचांच्या गॅरेजमध्ये, एका ब्रेक ऑइलच्या डब्याच्या पुठ्ठ्यावर आकडे मांडल्यावर कळलं.

मूळ अप्परचा व्यास १५.८७ मिलिमीटर, म्हणजे सूतात पाच अष्टमांश इंच. क्षेत्रफळ साधारण १९८ चौरस मिलिमीटर. मी टाकलेला पाऊण इंची, १९.०५ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ २८५. फरक ४४ टक्के. मोठा अप्पर एका दाबात ४४ टक्के जास्त ऑइल ढकलतो, म्हणून लोअर जास्त सरकतो, म्हणून प्लेट पूर्ण सुटते आणि गिअर छान पडतो. पण तेवढंच प्रेशर तयार करायला पायाला ४४ टक्के जास्त जोर लावावा लागतो. आणि प्रेशर प्लेट आधीच ४० टक्के कडक. १.४ गुणिले १.४४, म्हणजे दोन. दोन बदल केले, दोन्ही ‘अपग्रेड’ म्हणून विकले जाणारे, आणि पेडल बरोबर दुप्पट जड झालं. माझ्या सत्तावीस वर्षांच्या पायाला ते ‘स्पोर्टी’ वाटलं.

चाचांनी दुसरी गोष्ट दाखवली. कचकच होण्याचं मूळ कारण अप्परचा आकार नव्हताच. जुनी रबरी नळी होती. त्यांनी मला पेडल दाबायला लावलं आणि नळी हातात धरायला दिली. ती फुगत होती! कडक प्लेटमुळे प्रेशर वाढलं, जुनं रबर फुगलं, आणि लोअरला जायचं ऑइल वाटेतच मुरलं. वर ऑइल बदललेलं नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आतून सिलेंडर गंजवतं. म्हणजे बग एका ठिकाणी, आणि मी पॅच दुसरीकडे मारून डायरेक्ट प्रॉडक्शनला ढकलला होता. चाचा म्हणाले, “साहेब, आणखी एक. लोअर जास्त सरकला की प्लेटच्या फिंगर जास्त आत जातात. असाच चालवला असता तर नवीन प्लेटपण गेली असती.” मी पेडलखाली स्टॉपरसुद्धा लावला नव्हता.

दुसरा रस्ता होता: दोन प्लेटचा क्लच, सेंच्युरियनसारखा विचार. मिळतो. महाग असतो, शहरात हळू चालवताना झटके देतो, सुटायला प्रवासही जास्त मागतो. मी हिशेब केला आणि स्वतःला विचारलं, मांजरसुंब्याच्या घाटात मला नेमकं कुणाला मागे टाकायचंय?

मग रिमॅप काढला. मूळ ताकद, मूळ प्रेशर प्लेट, मूळ मापाचा नवीन अप्पर, लोअरला नवीन किट, आणि रबरी नळीच्या जागी स्टीलची जाळी असलेली नळी. ताजं ऑइल. हवा काढायला पाऊण तास लागला, चाचा खाली आणि मी पेडलवर. “दाबा. धरा. सोडा. दाबा. धरा.” पंचवीसेक वेळा झाल्यावर माझी पोटरी भरून आली, आणि मी काही बोललो नाही.

मागच्या रविवारी गाडी गावी नेली. किल्ली अण्णांच्या हातात दिली. ते बसले, सीट पुढे घेतली, क्लच दोनदा दाबून बघितला आणि काही न बोलता गाडी रस्त्याला काढली. शेतापर्यंत गेले, बांधाजवळ वळवली, परत आले. मी दारात उभा. काच खाली करून म्हणाले, “रिव्हर्स जरा अडकतोय. हवा ऱ्हायली आसंल, चाचाला दाखव.”